आधी परतीची फेरी आखा

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, पाटण डेपोला. त्यांची बरीच वर्षं मुक्कामाच्या गाडीवर गेली. संध्याकाळी तालुक्याहून सुटलेली शेवटची गाडी डोंगरातल्या गावात जाऊन थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायचे आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारीकोतारी माणसं घेऊन खाली उतरायची. त्या गाडीच्या भरवशावर लोक तालुक्याला जायचे, कारण संध्याकाळी घरी परतता येणार हे पक्कं असायचं.

मी गेली 17 वर्षं अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, वाहतूक नियोजनाचं काम करते. ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांना चालवता येत नाही आणि ज्यांना टॅक्सी परवडत नाही, अशा रहिवाशांच्या प्रवासाचा आराखडा दर वर्षी माझ्या टेबलावरून जातो. 'स्थानिक समन्वय मंडळावर नागरिक प्रतिनिधी म्हणून येऊ म्हणतोय, काय वाचून येऊ?' असं अलीकडे दोघा-तिघा मराठी मंडळींनी विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तिकडे तालुक्यात ज्येष्ठांसाठी, दिव्यांगांसाठी असं काही उभं करू पाहणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

कोण काय करतं

फ्लोरिडात यासाठी स्वतंत्र कायदा आहे. पहिला 1979 साली झाला, 1989 मध्ये त्यासाठी राज्यपातळीवर वेगळा आयोग नेमला. राज्याच्या कायद्यातलं हे 427वं प्रकरण. कचेरीत सगळे नुसतं 'टीडी' म्हणतात, ट्रान्सपोर्टेशन डिसॅडव्हान्टेज्ड. अपंगत्व, उत्पन्न किंवा वय यांमुळे ज्यांना स्वतः प्रवास करता येत नाही किंवा प्रवास विकत घेता येत नाही आणि म्हणून जे दुसऱ्यावर अवलंबून आहेत, ते सगळे यात आले. धोक्यातली आणि अपंग मुलंही आली. कायदा कशासाठी प्रवास म्हणतो तेही नीट वाचा: दवाखाना, नोकरी, शिक्षण, खरेदी आणि लोकांत मिसळणं. शेवटच्या दोन गोष्टी बैठकीत हमखास विसरल्या जातात.

राज्यात 67 काउंट्या आहेत. प्रत्येकीत तीन भूमिका असतात. नियोजन संस्था आराखडा लिहिते, समन्वयक संस्था प्रत्यक्ष गाड्या चालवते किंवा चालवून घेते, आणि स्थानिक समन्वय मंडळ दोघांवर लक्ष ठेवतं. मंडळाचा अध्यक्ष निवडून आलेला लोकप्रतिनिधी असतो. सभासदांत साठीपुढची एक व्यक्ती, एक अपंग व्यक्ती आणि दोन नागरिक प्रतिनिधी असतात. त्या दोघांपैकी एक स्वतः ही सेवा वापरणारी हवी. मंडळ निदान तीन महिन्यांतून एकदा बसतं, वर्षातून एक जाहीर सुनावणी घेतं आणि समन्वयकाचं वार्षिक मूल्यमापन करतं. आराखडा पाच वर्षांचा असतो आणि दर वर्षी सुधारला जातो.

मंडळावर जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. फ्लोरिडाच्या 1967च्या 'सनशाइन' कायद्यानुसार मंडळापुढे येणाऱ्या विषयावर दोन सभासदांनी बाहेर, खासगीत बोलायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. आपल्याकडे बैठकीआधी चहावर अर्धी चर्चा उरकायची सवय असते, ती इथे सोडावी लागते.

मोजणी

आकडे जनगणना विभागाच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतून घ्या. पाच वर्षांच्या सरासरीचे घ्या. छोट्या वस्तीचे एका वर्षाचे आकडे भरवशाचे नसतात किंवा मिळतच नाहीत. तीन तक्ते लागतात: वयानुसार अपंगत्वाचा बी18101, गरिबीचा बी17001 आणि घरात किती गाड्या आहेत ते सांगणारा बी08201. नवखा माणूस तिन्हींची बेरीज करून मोकळा होतो. पण 68 वर्षांची, गरीब, व्हीलचेअरवरची एकच बाई त्या बेरजेत तीनदा मोजली जाते. टाम्प्याच्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या शहरी वाहतूक संशोधन केंद्राने हा दुहेरी-तिहेरी हिशेब वजा करायची पद्धत बसवून दिली आहे. तीच वापरा, स्वतःची काढू नका.

मग नकाशा भिंतीवर लावा आणि त्यावर डायलिसिस केंद्रं, सरकारी दवाखाने, ज्येष्ठांना दुपारचं जेवण मिळतं ती ठिकाणं, किराणा दुकानं आणि ज्यांत बरेचसे एकटे म्हातारे राहतात ते मोबाइल होम पार्क, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घरांच्या वस्त्या, यांवर टाचण्या लावा. या कामाला दोन दिवस पुरतात. महिनाभर आकड्यांत बुडून राहणारे मी पाहिलेत. त्यांच्या आराखड्यात तक्ते सुरेख असतात आणि गाडी चुकीच्या वेळी येते.

एकदा गाडीत बसा

नकाशा झाला की समन्वयकाला फोन करून पहाटेच्या पहिल्या गाडीत जागा मागा. मागे बसायचं, वही-घड्याळ घ्यायचं आणि मध्ये बोलायचं नाही.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा पहाटेचे पावणेपाच वाजले होते. पहिली प्रवासी 71 वर्षांच्या बाई, उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला, मांडीवर पांघरूण आणि डब्याची पिशवी. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस. ड्रायव्हरने लिफ्ट खाली घेतली, खुर्ची वर चढवली, जागेवर आणली आणि गुडघ्यावर बसून चारही कोपऱ्यांचे पट्टे जमिनीतल्या खाचांत अडकवले, एकेक ओढून पाहिला, मग बाईंचा पट्टा लावला. घड्याळात सहा मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. आमच्या आराखड्यात चढण्या-उतरण्याला सरसकट दोन मिनिटं धरलेली होती. त्या गाडीत सकाळभरात खुर्चीवरचे चार प्रवासी होते. चढणं आणि उतरणं दोन्ही धरा, म्हणजे गाडी रोज का उशिरा धावते ते कळतं. ड्रायव्हरचा काही दोष नव्हता.

म्हणून चालत चढणारा आणि खुर्चीवरचा, दोघांची वेळ वेगळी धरा. लिफ्टने निदान 600 पौंड पेलायला हवेत, हा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा नियम आहे. हे हक्क असेच मिळालेले नाहीत. 1978च्या जुलैमध्ये डेन्व्हर शहरात अपंग कार्यकर्त्यांनी व्हीलचेअरी रस्त्यात आणून दोन बसगाड्या अडवल्या आणि रात्र तिथेच काढली. ते 19 जण होते. देशभराचा अपंगांच्या हक्कांचा कायदा, एडीए, 1990 साली आला.

परतीची फेरी

त्याच बाईंची पुढची गोष्ट सांगते, कारण माझी काम करायची पद्धत तिने बदलली.

डायलिसिस साधारण चार तास चालतं. आम्ही जाण्याची वेळ आणि येण्याची वेळ दोन्ही ठरलेल्या लिहिल्या होत्या. कागदावर बरोबर बसत होतं. एका शुक्रवारी बाईंचा रक्तदाब उतरला, सुईच्या जागेचं रक्त थांबेना आणि त्या 35 मिनिटं उशिरा बाहेर आल्या. गाडी वेळेवर आली होती, नियमाप्रमाणे पाच मिनिटं थांबली, कागदावर 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही, असं लिहून निघून गेली. दुसरी गाडी यायला दोन तास दहा मिनिटं लागली. ऑगस्ट महिना, दुपारचं ऊन, मग गडगडाटी पाऊस. बाई दाराबाहेरच्या छपराखाली खुर्चीत बसून होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांना पत्र गेलं: महिन्यात आणखी दोन नो-शो झाले तर सेवा स्थगित होईल. ते पत्र ज्या नियमाने गेलं तो आराखड्याच्या ज्या पानावर होता, ते पान मी लिहिलेलं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'जायची मला काळजी नसते गं, यायचीच असते.' हे वाक्य त्यांनी इंग्रजीत म्हटलं, पण माझ्या कानाला पाटणच्या स्टँडवरच्या बायकांसारखंच लागलं.

प्रवाशाच्या हातात नसलेल्या कारणाने चुकलेली फेरी नो-शो धरता येत नाही, असं एडीएच्या नियमांतच आहे. आम्ही ते टीडीच्या फेऱ्यांनाही लावलं. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी केल्या आणि त्या कुठेही करता येतील.

डायलिसिसची परत फेरी 'विल कॉल' ठेवली, म्हणजे केंद्रातून फोन आला की गाडी निघते. पण नुसतं विल कॉल म्हटलं तर ते 'मिळेल तेव्हा' होतं, म्हणून फोननंतर 45 मिनिटांत गाडी दारात, अशी वरची मर्यादा आराखड्यात लिहिली. ती पाळता यावी म्हणून दुपारच्या दोन पाळ्या सुटतात त्या वेळात एक गाडी केंद्राच्या आसपासच्याच फेऱ्यांवर ठेवली. आणि सगळ्यांत जास्त फायदा झाला तो तिसऱ्या गोष्टीचा: केंद्राच्या मुख्य नर्ससोबत बसून एका भागातले रुग्ण एकाच पाळीला येतील असं खुर्च्यांचं वेळापत्रक जमवलं. नर्सला कुणी आधी विचारलंच नव्हतं. अर्ध्या तासात तिने सात जणांच्या वेळा बदलून दिल्या. एका गाडीत तिघं येऊ लागली.

तेव्हापासून मी फेरी उलटी आखते. आधी माणूस किती वाजता आणि कुठल्या अवस्थेत घरी परतणार ते लिहायचं, मग जाण्याची वेळ. किराण्याच्या फेरीलाही हेच. जाताना हात रिकामे असतात. येताना चार पिशव्या, त्यात दूध आणि गोठवलेलं मांस. त्या पिशव्या स्वयंपाकघरापर्यंत कोण नेणार? 'कर्बपर्यंत', म्हणजे रस्त्याच्या कडेपर्यंतची सेवा आणि 'दारापर्यंत' सेवा यांतला फरक इथे कळतो. कुठली देणार ते आराखड्यात स्पष्ट लिहा, नाहीतर ते रोज ड्रायव्हरच्या भलेपणावर राहतं.

पैसा

पहिली गोष्ट, 'ट्रिप' म्हणजे एकेरी. डायलिसिसचा एक रुग्ण आठवड्याला तीनदा जातो-येतो, म्हणजे वर्षाला 312 ट्रिपा. हा आकडा मंडळातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा. 'फक्त दहा नवे रुग्ण' म्हणजे 3,120 ट्रिपा.

खर्चाचा हिशेब गाडीच्या तासावर करा. समजा तासाला 75 डॉलर पडतात आणि तासात सरासरी 1.8 ट्रिपा होतात, तर एक ट्रिप 41.67 डॉलरला पडली. तेच 2.2 झाल्या तर 34.09. म्हणून सगळे ट्रिपा वाढवायच्या मागे लागतात. वाढवा, पण त्याच पानावर माणसाने गाडीत जास्तीत जास्त किती वेळ बसायचं तेही बांधून टाका. डायलिसिसहून निघालेल्या माणसाला दीड तास काउंटीभर फिरवलं तर तासाला ट्रिपा छान दिसतात आणि तो माणूस घरी पोचेस्तोवर गळून गेलेला असतो.

कोण आधी पैसे देणार, हा क्रम चुकवू नका. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना, असलेल्यांची दवाखान्याची फेरी मेडिकेडने द्यायची. फ्लोरिडात 2014पासून ती विमा योजनांमार्फत जाते. ठरलेल्या बसमार्गापासून पाऊण मैलाच्या आत राहणारा आणि अपंगत्वामुळे ती बस न वापरू शकणारा माणूस एडीएच्या सेवेत बसतो. तिथे भाडं बसच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि 'ही फेरी महत्त्वाची नाही' असं म्हणून नाकारता येत नाही. गाड्या घ्यायला फेडरल सरकारची 5310 नावाची योजना आहे, ग्रामीण भागासाठी 5311. यांपैकी कशातच न बसणाऱ्या फेऱ्यांसाठी टीडीचा निधी. तो गाड्यांच्या नोंदणीतून येतो, एका नोंदणीमागे दीड डॉलर. ज्याच्याकडे गाडी आहे तो नसलेल्यासाठी दर वर्षी एवढं देतो, आणि मला हे मनापासून आवडतं.

हा शेवटचा निधी कधीच पुरत नाही, मग मंडळ प्राधान्य ठरवतं: आधी औषधोपचार, मग अन्न, मग नोकरी, असं काहीतरी. माझं मत ठाम आहे की दर आठवड्यातले थोडे तास किराणा आणि भेटीगाठींसाठी राखून ठेवावेत. सगळं दवाखान्याला दिलं तर म्हातारा माणूस फक्त आजारी असतानाच घराबाहेर पडतो.

अर्ज

अर्ज दोन पानांत बसवा. फ्लोरिडात तो स्पॅनिश आणि हैतीच्या क्रिओलमध्येही हवा, नुसत्या इंग्रजीत ठेवला तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच गळतात. डॉक्टरची सही खरोखर लागते तिथेच मागा; ज्याला डॉक्टरकडे जायला गाडी नाही त्याला गाडीसाठी डॉक्टरची सही आणायला सांगणं क्रूर आहे. एडीएच्या अर्जावर 21 दिवसांत निर्णय झाला नाही, तर तो होईपर्यंत सेवा द्यावीच लागते. टीडीलाही तशीच मुदत लावून घ्या.

महाराष्ट्रात 2022च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट. पात्रता इतकी सोपी असावी, हे मी इथल्या बैठकांत दाखला म्हणून सांगते. पण तिकीट फुकट झालं तरी पायरी तेवढीच उंच राहते आणि वस्तीपासून फाटा तेवढाच लांब. तालुक्यात काम करणाऱ्यांनी घर ते फाटा हाच तुकडा हातात घ्यावा. तिथे एक रिक्षा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी उभी केली तरी पुष्कळ होईल.

इथल्या मराठी घरांबद्दलही सांगायला हवं. 2011मध्ये माझी आई सहा महिने माझ्याकडे राहिली. आम्ही दोघं कामावर, घर वसाहतीच्या आत, फुटपाथ नाही. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, 'अगं, इथं एसटी नसते का?' मुलाकडे कायमचे राहायला आलेले कितीतरी आई-वडील असे दिवसभर खिडकीत बसून असतात. ते पात्र आहेत की नाहीत हे काउंटीच्या अटींवर ठरतं, पण कुणी विचारतच नाही. 2-1-1 या मदतीच्या नंबरला फोन लावून 'टीडीचा अर्ज कुठे मिळेल' एवढं विचारा.

लोकांना विचारणं

जाहीर सुनावणी सकाळी दहा वाजता काउंटीच्या इमारतीत ठेवली की सहा जण येतात, सहाही पगारी. ज्यांच्यासाठी आराखडा आहे त्यांना तिथे यायला गाडीच नसते. औपचारिक सुनावणी घ्यावीच लागते, ती घ्या, पण त्याआधी जेवणाच्या केंद्रावर जाऊन बसा, वाचनालयात बसा, डायलिसिसच्या प्रतीक्षागृहात बसा. 'सेवा कशी वाटते?' विचारू नका. लोक भिडेखातर 'छान' म्हणतात. 'मागच्या महिन्यात कुठे जायचं होतं आणि जाता आलं नाही?' असं विचारा. एका आजोबांनी मला उत्तर दिलं, बायकोच्या कबरीवर. ती फेरी कुठल्याच प्राधान्यात नव्हती. आता महिन्यातून एका रविवारी आमची एक गाडी दफनभूमीपर्यंत जाते.

वेळेवर किती गाड्या आल्या, हा आकडाही समन्वयकाकडून दोन भागांत मागा, जाण्याचा वेगळा आणि परतीचा वेगळा. एकत्र आकडा नव्वदच्या घरात दिसतो, आणि वेगळा केला की परतीचा भाग उघडा पडतो.

वादळ

1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. काउंटीच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे विशेष गरजा असलेल्यांची नोंदवही असते. तुमच्या रोजच्या प्रवाशांपैकी किती जण त्या वहीत आहेत ते मे महिन्यातच ताडून पाहा. डायलिसिसच्या रुग्णांना वादळाच्या आदल्या दिवशीच उपचार देऊन घ्यावे लागतात, म्हणजे नेहमीच्या दोन दिवसांच्या फेऱ्या एका दिवसात बसवायच्या. कोणत्या फेऱ्या त्या दिवशी रद्द करायच्या, त्याची यादी आधीच मंडळाकडून मंजूर करून ठेवा. वाऱ्याचा वेग ताशी 35-40 मैलांवर गेला की उंच गाड्या रस्त्यावरून काढाव्या लागतात, तेव्हा आपल्या हातात वाटतात त्यापेक्षा कमी तास असतात.

निवाऱ्यापर्यंत नेण्याची पानं मी पाहिलेल्या प्रत्येक आराखड्यात होती. परत घरी आणण्याचं पान बहुतेकांत कोरं होतं. ते लिहायला अवघड आहे, कारण वादळानंतर घर तेच राहिलेलं नसतं. आम्ही प्रत्येक नावापुढे चार रकाने केले: घरी वीज आली का, दारापुढचा रॅम्प जागेवर आहे का, रस्त्यावर झाड पडलंय का, आणि शेजारी किंवा नातेवाइकापैकी कोण आत जाऊन बघून आलं. ऑक्सिजनचं यंत्र असलेल्यांसाठी पहिल्या रकान्यात 'हो' आल्याशिवाय गाडी निवाऱ्यावरून निघत नाही. हे फोन कोण करणार त्या माणसाचं पदही तिथेच लिहिलेलं आहे, आणि तो सुट्टीवर असला तर पुढचा कोण, तेही.